पाण्याने राखलेले रान



बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आपण सहलीला जातो, कान्हेरीची लेणी पाहतो आणि परततो. पण मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरात सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे हे रान शिल्लक राहिले कसे, हा प्रश्न कधी आपल्या मनात आला आहे काय?

याचे उत्तर पाण्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरीत बौद्ध भिक्षू येऊन राहिले. त्यांनी गुंफांजवळ कातळात टाकी खोदली, पन्हळी कोरल्या आणि पावसाचा थेंब न थेंब साठवला. आजही त्या टाक्यांत पाणी असते.

पुढे मुंबई वाढली, परंतु पाणी विहिरी आणि तलावांचेच राहिले. १८५४ साली पाऊस दगा देऊन गेला. त्यानंतरच्या टंचाईत बाहेरून आणलेले पाणी डोंगरी, चिंचबंदर येथील विहिरींत ओतावे लागले. अखेर हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार १८५६ साली मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० साली मुंबईला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. तेही पुरेना, म्हणून १८७९ साली तुळशी तलाव पूर्ण झाला. विहारात सुमारे २,७७० कोटी व तुळशीत सुमारे ८०५ कोटी लिटर पाणी मावते.

तलावाचे पाणी स्वच्छ राहावे, तर भोवतालचा डोंगर झाडीने झाकलेला हवा. झाडी तुटली की माती वाहून तलावात येते. म्हणून तलावांच्या पाणलोटातील रान राखले गेले. तहानेने जंगल वाचवले, ते असे! या रानाचेच पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. नंतर त्याला संजय गांधी यांचे नाव देण्यात आले.

पण या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. या रानात वारली आदिवासींचे पाडे पूर्वीपासून आहेत. पुढे शहरात निवारा न मिळालेल्या हजारो गरिबांनी कडेला झोपड्या घातल्या. १९९७ साली उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि असंख्य संसार उघड्यावर आले. जंगल वाचलेच पाहिजे. परंतु त्याची किंमत नेहमी गरिबानेच का मोजावी? शिकलेल्या पिढीने या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे.

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, अशी आपल्या धर्माची शिकवण आहे. पाणी ही अमानत आहे, आणि ते धरून ठेवणारे रानही अमानतच. पुढच्या सहलीत कान्हेरीच्या एखाद्या टाक्याजवळ क्षणभर थांबा. ज्यांनी ते खोदले, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पाणी मात्र अजून तिथे आहे.