शोकांतिका, मराठी : आरंभकाळातील भाषा

मराठी शोकांत नाटकाचा आरंभ साधारणपणे विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) पासून धरतात. मात्र चारचौघांत दुःख ऐकवण्याची भाषा त्याआधीच घडत होती आणि तिचे एक मोठे घर कऱ्हेकाठी, बारामतीत होते.

पूर्वपीठिका : मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याचे, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीत स्थायिक झाले आणि पुराण सांगू लागले. सबंध महाभारत त्यांनी आर्यांत आणले. मराठीत जिला आर्या म्हणतात ती संस्कृतातली गीती : प्रत्येक अर्धात आधी बारा, मग अठरा मात्रा. बारा मात्रांशी कीर्तनकाराला श्वास घेता येतो, अठरांत कथा पुढे सरकते. रणांगणावरचा गांधारीचा विलापही याच मापात बसला. पंतांची वर्णांवरची हुकमत ‘निरोष्ठ रामायणा’त दिसते. त्यात ओठांना ओठ लागणारा वर्णच नाही. म्हणजे खुद्द ‘राम’ हा शब्दही वर्ज्य, कारण ‘म’ ओष्ठ्य. असा घडवलेला शब्द गायला जाई, म्हणूनच विलापातही श्रोता रमत असे.

गद्याकडे वळण : संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, स्त्रिया बहुधा प्राकृत, रंगमंचावर मृत्यू दाखवणे निषिद्ध. कीर्तन्यांनी हे दोन्ही संकेत सोडले. थेऊरला १७७२ साली क्षयाने झालेला माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचे सहगमन हा त्यांच्या नाटकाचा शेवट आहे, आणि पेशवा व रमाबाई दोघांची भाषा एकच, मराठी. मराठी रंगभूमीवरचे हे फार मोठे धाडस होय.

भाषांतरे : महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ (१८६७), आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३), देवलांचे ‘झुंजारराव’ (१८९०). शेक्सपिअरच्या निर्यमक पद्याला जुळणारे रुळलेले वृत्त मराठीत नव्हते, त्यामुळे मोठा भार गद्यावर आला. आगरकरांचा हॅम्लेट, म्हणजे चंद्रसेन, गणपतराव जोशींच्या अभिनयाने गाजला.

संज्ञा : ‘शोकांतिका’ की ‘शोकात्मिका’, याबद्दल मतभेद आहेत.

उत्तरकाळ : पद्य नाटकातून गेले नाही. ‘एकच प्याला’ (१९१९) या शोकांतिकेचे गद्य राम गणेश गडकऱ्यांचे आहे. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत.