पुण्यातील इतिहास-संशोधनाची परंपरा

महाराष्ट्रात इतिहासाचे पद्धतशीर संशोधन विद्यापीठाच्या पदवीआधीच रुजले होते. 1910 मध्ये वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा अस्सल कागद मिळवून, वाचून आणि छापून काढणे हेच तेथील शिक्षण होते. पुढे 1939 मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, त्र्यं. शं. शेजवलकर तेथे मराठ्यांचा इतिहास शिकवू लागले आणि 1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर या अभ्यासाला स्थानिक विद्यापीठाचा आधार मिळाला.

पीएच.डी.साठी मराठेशाहीचा विषय घेणाऱ्याला आजही पेशवे दफ्तरातील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडावे लागतात. त्यांतील मोडी, म्हणजे अक्षरे जोडून सलग लिहिण्याची लिपी, लावावी लागते. आणि कागदांवरील तारखांच्या, मे महिन्यात सुरू होणाऱ्या सुहूर सनात, महिना पाहून, 599 किंवा 600 मिळवून इसवी सन काढावा लागतो. कागद स्वतः वाचल्याशिवाय केलेले विधान कितीही आकर्षक असले, तरी ते संशोधन ठरत नाही, म्हणून इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मोडी शिकलीच पाहिजे.