समान आणि समाईक

न्यायालयीन निवाड्यांकडे गद्यवाङ्मय म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. निवाडे वकिलांनी वाचावेत आणि कादंबऱ्या आपण, अशी एक न बोलता झालेली वाटणी आहे. परंतु खुनाच्या खटल्यात न्यायाधीशापुढे जो प्रश्न असतो तो पुष्कळदा कादंबरीकाराच्या प्रश्नाच्याच जातीचा असतो: त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काय होते? आणि माणसे दोन असतील, तर त्यांची मने एक होती की नुसती सारखी होती? सिंधू नदीच्या काठी जमिनीच्या हक्कावरून झालेल्या एका भांडणाने हा प्रश्न थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे नेला. 'महबूब शाह विरुद्ध बादशहा' या नावाने ते अपील ओळखले जाते.

घटना २५ ऑगस्ट १९४३ची, अविभाजित पंजाबातली. काही गावकरी बोरू कापण्यासाठी नावेतून निघाले होते. वाटेत नदीत स्नान करणाऱ्या एका गृहस्थाने, आपल्या जमिनीतला बोरू कापू नका, असे त्यांना बजावले. त्यांनी ते मानले नाही. बोरूच्या मोळ्या घेऊन ते परत फिरले तेव्हा त्या गृहस्थाचा पुतण्या काठावर आडवा आला. त्याने नावेचा दोर धरला, मोळ्या परत मागितल्या. आधी बाचाबाची, मग झटापट. नावेतल्या एकाने बांबू उचलून पुतण्याला हाणला. पुतण्याने मदतीसाठी हाक मारली आणि त्याचे दोघे नातलग बंदुका घेऊन धावून आले. एकाच्या गोळीने बांबू मारणारा जागीच ठार झाला. दुसऱ्याच्या गोळीने त्याचा सोबती किरकोळ जखमी झाला. ज्याच्या गोळीने माणूस मेला तो फरारी झाला. हाती लागला तो दुसरा, एकोणीस वर्षांचा तरुण. सत्र न्यायालयाने त्याला खुनाबद्दल फाशीची शिक्षा दिली आणि लाहोर उच्च न्यायालयाने ती कायम केली.

स्वतः न केलेल्या खुनाबद्दल फाशी कशी? त्याचा आधार होता भारतीय दंडसंहितेचे ३४वे कलम. अनेकांनी मिळून, सर्वांच्या एका इराद्याला अनुसरून गुन्हा केला, तर तो प्रत्येकाने एकट्याने केल्यासारखाच धरावा, असे ते कलम सांगत असे. १८६०च्या मूळ मसुद्यात इराद्याचा उल्लेखच नव्हता. तो १८७०च्या दुरुस्तीने आला. उच्च न्यायालयाचे म्हणणे असे की, पुतण्याने हाक मारली आणि दोघे बंदुका घेऊन पुढे झाले, त्याच क्षणी त्यांचा इरादा एक झाला.

१९४५मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा तर्क नाकारला. निवाडा लिहिला होता सर माधवन नायर यांनी. दोघांचीही इच्छा पुतण्याला सोडवण्याची होती, त्यासाठी प्रसंगी बंदूक चालवण्याचीही होती, हे त्यांनी मान्य केले. पण आधी ठरवून, मने जुळवून दोघे आले होते याचा पुरावा कुठे आहे? इरादे सारखे असणे वेगळे आणि इरादा एक असणे वेगळे. खुनाच्या आरोपातून तरुण सुटला. त्याचा गळफास टळला.

साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे अशी जागा पुढे आहे. या दोहोंमधील पडदा अतिशय पातळ असतो, तरी भेद खरा आहे, असे सांगताना न्यायमूर्तींनी वापरलेली प्रतिमा ड्रायडनच्या १६८१च्या 'अ‍ॅब्सालम अँड अकिटोफेल'मधली आहे. तिथे तो पडदा प्रतिभा आणि वेड यांच्यामध्ये आहे. गंमत अशी की, याच कलमावरच्या आधीच्या प्रसिद्ध अपिलातही इंग्रजी काव्य हजर होते. १९२३मध्ये कलकत्त्यातील शंकरीटोला टपाल कचेरीत पोस्टमास्तरांचा खून झाला. आपण तर बाहेर उभे होतो, असा आरोपी बारेंद्रकुमार घोष याचा बचाव होता. तो फेटाळताना लॉर्ड समनर यांनी मिल्टनच्या अंधत्वावरील सुनीताची अखेरची ओळ उद्धृत केली. ईश्वरापुढच्या धीरासाठी रचलेली ओळ दाराशी उभ्या असलेल्या साथीदाराला लागू झाली! एका कवीने दोषाची कक्षा रुंद केली, दुसऱ्याने ती आखून दिली.

आता आपल्या भाषेकडे येऊ. मराठी कायदेविषयक लेखनात या कलमातील इराद्यासाठी 'समान उद्देश' हे शब्द रूढ आहेत. आणि प्रिव्ही कौन्सिलने सावध केले ते नेमके 'समान' आणि 'एक' यांच्या गल्लतीविषयी! वस्तुतः अचूक शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी पूर्वीपासून आहे. दोन भावांच्या दोन सारख्या विहिरी असतील तर त्या समान. एकाच विहिरीवर दोघांची मोट चालत असेल तर ती समाईक. बांध समाईक असतो, पाट समाईक असतो. जमिनीच्या वाटणीतून घडलेला हा शब्द जमिनीच्याच भांडणातून निघालेल्या कायद्याला तंतोतंत लागू पडतो.

हा भेद स्वतंत्र भारतातही टिकला. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले विवियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात १९५४मध्ये 'पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य' या अपिलात त्याचा आधार घेतला. अनेकांनी एकाच वेळी, एकाच माणसाला मारण्याच्या हेतूने घाव घातले तरी त्यांचा इरादा समाईक असेलच असे नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. मात्र तसा इरादा ऐनवेळी, जागच्या जागीही जुळू शकतो, हेही सांगितले. म्हणजे हाकेला धावून येणारे नातलग कधी समान असतील, कधी समाईक. ते त्या त्या प्रसंगाच्या तपशिलावरून ठरवावे लागते.

१ जुलै २०२४पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि ३४वे कलम तिच्या कलम ३च्या पाचव्या पोटकलमात गेले. क्रमांक बदलला, प्रश्न बदलला नाही. बांधावरून भांडण पेटते तेव्हा भाऊबंद हाकेसरशी धावतात. आपल्या ग्रामीण कथेने त्या धावण्यात रक्ताची ओढ पाहिली आहे. न्यायालयाला मात्र विचारावे लागते की, धावताना प्रत्येकाच्या मनात काय होते. ज्याचा माणूस गेला त्या घराला हा भेद शब्दच्छल वाटला तर नवल नाही. परंतु त्या शब्दाच्या अलीकडे-पलीकडे एकोणीस वर्षांचा एक जीव होता, हे शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी विसरू नये.