भाडेकरू नव्हे, ‘परवानाधारक’!

प्रतिनिधी, मुंबई

मुंबईत दोन शयनगृहांची सदनिका शोधणाऱ्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न भाड्याचा असतो आणि दुसरा मुदतीचा. पहिल्याची चर्चा घरोघरी होते. दुसऱ्याची आठवण बहुधा घर रिकामे करण्याची वेळ आल्यावरच होते.

शहरात आज ‘भाड्याने’ मिळणारी बहुतेक घरे कायद्याच्या भाषेत भाड्याची नसतातच. ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे ठराविक काळ जागा वापरण्याची केवळ परवानगी. या पद्धतीला इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली. भाडेकरू हलेना, भाडे वाढेना. त्यातून पागडी फोफावली. मालकांनी पळवाट म्हणून ‘परवाना’ देण्यास सुरुवात केली, तेव्हा १ फेब्रुवारी १९७३ रोजी वैध परवान्याने राहत असलेल्यांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. घरमालकांनी तेव्हा घेतलेला धसका अजूनही पुरता उतरलेला नाही.

वास्तविक ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने मालकाची बाजू भक्कम केली आहे. कलम २४ नुसार मुदत संपताच परवानाधारकाने जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो आणि परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई वसूल करू शकतो. मुलाची परीक्षा तोंडावर असल्याची सबब येथे चालत नाही.

मग अकरा महिनेच का? वर्षाच्या आतील कराराला नोंदणी लागत नाही, हा समज त्यामागे आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा ठरतो. कलम ५५ नुसार करार कितीही काळाचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची असून कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. लेखी व नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी वाद झाल्यास अन्यथा सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

परवाना ६० महिन्यांपर्यंतचा करता येतो. शाळकरी मुलांच्या कुटुंबाने तीन वर्षांचा आग्रह धरणे शहाणपणाचे. दरवर्षीची दलाली आणि टेम्पोचा खर्च वाचतो, तो वेगळा. ५० हजार रुपये भाडे व दोन लाख अनामत असलेल्या ३६ महिन्यांच्या करारावर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सुमारे ४,६५० रुपये होते. (परतावा असलेल्या अनामतीवर वार्षिक १० टक्के व्याज धरून ते हिशेबात घेतात.) शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये. हा खर्च कोणी सोसायचा, हे आधीच ठरवावे.

मात्र लांब मुदत म्हणजे हमी नव्हे. मुदतीपूर्वी करार मोडण्याचे कलम नीट वाचावे. ‘लॉक-इन’ काळ अनेकदा फक्त राहणाऱ्याला बांधतो. तो मालकालाही बांधील, अशी शब्दरचना करून घ्यावी. अनामत किती दिवसांत परत मिळेल, रंगकामाचे पैसे त्यातून कापले जातील काय, हेही करारात लिहून घ्यावे. सोसायटीचे बिनवापर शुल्क २००१च्या शासननिर्णयाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. ते सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून आकारले जाते; भाड्यात धरले आहे की वेगळे मागितले जाईल, हे टोकन देण्यापूर्वीच विचारलेले बरे.