लंडनची दुनळी: न झळकणाऱ्या नक्षीची गोष्ट

१/ शस्त्रांच्या दालनात आपली नजर प्रथम जाते ती सोन्याने मढवलेल्या तलवारींकडे. शेजारीच काळसर नळ्यांची, तपकिरी दस्त्याची एखादी दुनळी बंदूक ठेवलेली असते आणि आपण तिच्यावरून सहज पुढे सरकतो. आजचा थ्रेड तिच्याविषयी.

२/ काळ एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, स्थळ लंडन. जेम्स पर्डी यांची पेढी १८१४ची, हॅरिस हॉलंड यांची १८३५ची. गिऱ्हाइके राजघराण्यांतली, उमरावांतली. भारतीय संस्थानिकही त्यांत होते. पैशाला तोटा नव्हता. मागणी असल्यास सोन्याचे जडावकामही होई. तरीही पेढीच्या सर्वोत्तम दुनळीवर सोने असलेच, तर बहुधा दस्त्याच्या खालच्या कडेला, मालकाची आद्याक्षरे कोरण्यापुरत्या एका लहान लंबगोल चकतीचे. असे का?

३/ उत्तर कारागिरीत सापडते. नळीचा काळा रंग पाहा. तो लावलेला रंग नव्हे, तो गंज आहे! नळीवर द्रावण पुसून ती दमट जागी गंजू द्यायची, उकळत्या पाण्यात बुडवायची म्हणजे तांबूस गंज काळा होतो, मग सुटलेला थर तारेच्या ब्रशने घासून काढायचा. हे पुन्हा पुन्हा करायचे. या काळ्या थरात तेल मुरते, नवा गंज रोखला जातो आणि नळी उन्हात चमकून सावजाला सावध करत नाही.

४/ त्याआधीच्या ‘दमास्कस’ नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून घडवलेल्या असत. दोन्ही धातू निरनिराळ्या प्रकारे गंजतात, म्हणून तपकिरी रंग देताना पिळाची नक्षी आपोआप उमटे. नाव दमास्कस असले, तरी आपल्याकडच्या प्रसिद्ध वूट्झ पोलादाहून ही रीत वेगळी.

५/ दस्ता अक्रोडाचा. जवसाचे तेल हाताने चोळून हळूहळू जिरवायचे. त्यात बहुधा रतनजोतीच्या वर्गातल्या एका मुळीचा लाल रंग मिसळत. त्याने लाकडाच्या रेषा खुलत. मुठीवरची बारीक चौकडी हाताने कापलेली. ती शोभते खरी, पण तिचे काम ओल्या हाताची पकड सुटू न देणे हे आहे.

६/ आता बाजूच्या पोलादी पट्ट्या. त्यांच्यावर गुलाबांचे लहान गुच्छ आणि भोवती अतिशय बारीक वेलबुट्टी. पर्डींच्या बंदुकांची ही ओळखच ठरली. हातभर अंतरावरून ही नक्षी केवळ एक मऊ, करडी छटा वाटते. डोळ्यांजवळ नेली की पाकळ्या दिसू लागतात. गुळगुळीत पोलाद आरशासारखे चमकले असते. या रेषा प्रकाश विखरून टाकतात.

७/ आणि मग या कोरीव कामाची खरी परीक्षा. पोलाद मऊ असतानाच कोरणी चालते, म्हणून नक्षी आधी आणि आग नंतर. कोरलेले भाग हाडांच्या कोळशात पुरून भट्टीत तापवत आणि थंड पाण्यात टाकत. पृष्ठभाग कठीण होई, त्यावर निळ्या, तपकिरी, पिवळसर ढगांचे रंग उमटत. त्या क्षणी भाग वाकला किंवा तडकला, तर नक्षीवरची सारी मेहनत धोक्यात येई.

८/ एवढे करून पट्टीवर नाव कोरले जाई ते पेढीचे. कोरणाऱ्याचे नाव बहुधा कुठेच नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हॅरी केल यांच्या हाताखाली शिकलेल्या केन हंट यांच्यासारख्या कारागिरांच्या सह्या बंदुकांवर दिसू लागल्या. त्याआधीच्या बहुतेकांची सही म्हणजे त्यांच्या रेषेचे वळण, एवढेच.

९/ म्हणूनच जुनी दुनळी घासून ‘नवी’ करणे हा इतिहासाचा तोटा आहे. भट्टीतले ते रंग फार पातळ असतात. जिथे हात सतत टेकतो, तिथे ते आधी उडतात आणि स्क्रूच्या कडेला, खाचांत टिकून राहतात. बंदूक कशी धरली, किती वापरली, हे त्या झिजेवरून वाचता येते. पॉलिश केले की हा पुरावा गेला, आणि त्या अनाम हाताच्या रेषाही बोथट झाल्या.

१०/ पुढच्या वेळी अशी दुनळी दिसली, तर काचेजवळ जाऊन स्क्रूच्या भोवती पाहा. निळसर छटा अजून दिसली, तर ती त्या भट्टीतली आहे.