एसएसएचएफएस : दूरच्या फाइली, सुरक्षित वाटेने

दुसऱ्या संगणकावरची डिरेक्टरी एसएसएचच्या कूटबद्ध जोडणीतून आपल्या संगणकावर माउंट करण्याची, म्हणजे ती घरच्याच डिस्कवर असल्यासारखी वापरता येईल अशी जोडून घेण्याची पद्धत आणि त्यासाठीचा मुक्तस्रोत प्रोग्रॅम. आदेशात खात्याचे नाव, सर्व्हर, तिकडची डिरेक्टरी आणि इकडचे एक रिकामे फोल्डर एवढे दिले की काम होते. सर्व्हरवर नवे काही बसवावे लागत नाही. एसएसएच आणि तिच्यासोबतची एसएफटीपी ही फाइलसेवा चालू असली की पुरे.

दूरच्या फाइली माउंट करण्याची कल्पना मात्र एसएसएचपेक्षा जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1984 मध्ये एनएफएस आणली आणि ती युनिक्सच्या जगात घरोघरी पोहोचली. तिच्या रूढ रचनेत सर्व्हर माणसाला त्याच्या क्रमांकावरून ओळखतो, आणि तो क्रमांक समोरचा संगणक सांगेल तोच खरा धरतो. डेबियन किंवा उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याला सहसा 1000 हा क्रमांक मिळतो. स्वतःच्या लॅपटॉपवर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, असलेल्या कोणालाही 1000 होता येते, 1001 होता येते. त्यात फाइलींचा मजकूरही तारेवरून उघडाच जात असे. एका कुलूपबंद खोलीतल्या चार ओळखीच्या यंत्रांपुरते हे चालून गेले. बाहेरच्या नेटवर्कवर असा भरवसा टाकणे धोक्याचे होते.

नेटवर्कवर विश्वास ठेवू नये हा धडा फिनलंडमध्ये महागात शिकला गेला. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपून घेत असल्याचे 1995 मध्ये उघड झाले. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच लिहिली. एफटीपीचा पोर्ट 21, टेलनेटचा 23; मधला 22 मोकळा होता, तो त्यांनी मागितला आणि मिळवला. ज्या दोन उघड्या सेवांची जागा घ्यायची त्यांच्या बरोबर मधोमध ही सेवा जाऊन बसली. पुढे 1999 मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती आली आणि तीच आज बहुतेक सर्व्हरांवर आढळते.

आता उरला प्रश्न फाइल सिस्टिमचा. नवी फाइल सिस्टिम लिहायची तर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, हात घालावा लागे, आणि तिथली एक चूक सगळे यंत्र पाडू शके. हंगेरीचे मिक्लोश सेरेदी यांच्या फ्यूजने ही अडचण सोडवली. कर्नलमध्ये एक छोटा दुवा ठेवायचा आणि फाइल सिस्टिमचे खरे काम साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने करायचे, अशी तिची मांडणी. ऑक्टोबर 2005 मध्ये आलेल्या लिनक्स 2.6.14 मध्ये फ्यूज अधिकृतपणे दाखल झाली. एसएसएचएफएस हे त्याच सेरेदींनी तिच्यावर उभारलेले काम आहे.

एखाद्या संपादकात फाइल उघडली की काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. वाचण्याची विनंती कर्नलकडे जाते, कर्नल ती फ्यूजकडे सोपवतो, फ्यूज ती एसएसएचएफएसच्या हाती देते. तिथे तिचा एसएफटीपीचा निरोप होतो, एसएसएच तो कूटबद्ध करून पाठवते, पलीकडचा सर्व्हर डिस्कवरून तुकडा वाचतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. संपादकाला यातले काहीही कळत नाही. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर एसएसएचने काम करणाऱ्यांना तिकडच्या फाइली इकडच्या साधनांनी उघडण्याची ही सोय किती मोलाची, ते सहज कळावे.

सुरक्षिततेची कसोटी पहिल्याच जोडणीला लागते. अनोळखी सर्व्हर आपल्या कीचा ठसा दाखवतो आणि तो मान्य आहे का, असे विचारले जाते. बहुतेक लोक न वाचता होकार देतात, आणि नेमका तिथेच मध्ये बसलेल्या भामट्याला शिरकाव मिळू शकतो. हा ठसा सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून आधी मागून ताडून पाहावा. एका मिनिटाचे काम आहे. स्वतःच्या ओळखीसाठी पासवर्डऐवजी ईडी25519 प्रकारची की बरी, आणि त्या कीवरही परवलीचे वाक्य असावे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला खाते फक्त फाइलींपुरते मर्यादित करता येते, एका डिरेक्टरीत कोंडता येते, केवळ वाचनापुरतेही ठेवता येते. कोंडण्याच्या डिरेक्टरीची मालकी मात्र रूटकडेच असावी लागते, नाहीतर ओपनएसएसएच जोडणीच नाकारते.

माउंट केलेले फोल्डर मूळ मांडणीत फक्त माउंट करणाऱ्यालाच दिसते. त्याच यंत्रावरच्या रूटलाही ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळते, आणि नवखे लोक इथे चक्रावतात. यामागे कारण आहे: फ्यूजचा प्रोग्रॅम वापरकर्त्याचा असतो, आणि तो मुद्दाम उत्तर अडवून दुसऱ्यांच्या प्रक्रिया लटकवू शकेल.

वेग हे या पद्धतीचे दुखणे आहे. पुण्यातून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एका फेरीला 200 मिलिसेकंद लागतात असे धरले, तर 1000 फाइलींची माहिती एकेक करून विचारायला 200 सेकंद जातील. एकच मोठी फाइल सलग वाचताना हे जाणवत नाही. हजारो बारक्या फाइलींच्या प्रकल्पात ‘गिट स्टेटस’ मात्र जीव नकोसा करते. त्यावर उतारा म्हणून मिळालेली माहिती मूळ मांडणीत 20 सेकंद जपून ठेवली जाते. तेवढ्या वेळात सर्व्हरवर झालेला बदल इकडे दिसेलच असे नाही. एका संगणकाने फाइलीला लावलेले कुलूपही दुसऱ्याला कळत नाही. म्हणून एसक्यूलाइटसारखा डेटाबेस अशा फोल्डरात ठेवून दोन ठिकाणांहून चालवू नये, तो बिघडतो.

वायफाय गेले की फोल्डर थिजते आणि त्यात डोकावणारा प्रत्येक प्रोग्रॅम अडकून बसतो. दर 15 सेकंदांनी सर्व्हरची चाहूल घ्यावी, तीनदा उत्तर नाही आले तर जोडणी तुटली असे मानावे आणि पुन्हा जोडावे, असे पर्याय माउंट करतानाच देता येतात. त्याहून मोठा धोका निष्काळजीपणाचा. माउंट सुटलेले नाही हे विसरून वरचे फोल्डर ‘आरएम’ने पुसले, तर सर्व्हरवरच्या खऱ्या फाइली जातात, आणि कचरापेटी तिथे नसते. आधी ‘फ्यूजरमाउंट’ने जोडणी सोडवावी, मगच पुसावे.

जिथे शंभर जण एकच साठा वापरतात तिथे वेगळी साधने घ्यावीत. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला कर्बरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीची जोड देऊन ओळख पटवता येते आणि मजकूरही झाकता येतो. 2022 मध्ये तिला टीएलएसचे मानकही मिळाले. विंडोजच्या एसएमबी या फाइलसेवेत तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे विंडोज 8 आणि सर्व्हर 2012 पासून, कूटबद्धता आहे. विंडोजवर एसएसएचएफएस हवी असल्यास विनएफएसपी आणि मॅकवर मॅकफ्यूज लागते. एसएसएचएफएस प्रकल्पाची देखभाल अनेक वर्षे निकोलाउस राथ यांनी केली. 2022 मध्ये ते थांबले आणि काही काळ तो बेवारस राहिला.