मातीवर पिकलेली फळे

सोळाव्या शतकाच्या मध्यास, फ्रान्सच्या पश्चिम भागातील सँत या गावी, एका भट्टीतील जळण संपत आले. बर्नार पॅलिसी या कारागिराने प्रथम बागेतील आधाराच्या काठ्या, मग घरातील मेजे आणि अखेर जमिनीच्या फळ्याही आगीत लोटल्या. शेजारी त्याला वेडा म्हणू लागले. त्याला हवी होती मातीच्या भांड्यावर बसणारी शुभ्र झिलई.

वर्षानुवर्षांच्या दैन्यानंतर ती साधली. खऱ्या शिंपल्यांचे, सरड्यांचे नि पानांचे ठसे घेऊन त्याने अशी पात्रे घडविली, की त्यांत जणू ओढाच वाहत असावा. राणी कातरिन द मेदिचीने त्याला आश्रय दिला. परंतु प्रॉटेस्टंट मताचा त्याग न केल्यामुळे १५९० च्या सुमारास बास्तीयच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. १५८० सालच्या आपल्या ग्रंथात त्याने झिलईतील द्रव्ये सांगितली. त्यांचे प्रमाण मात्र सांगितले नाही. अनुयायांनी काही काळ चालविलेली ही कला पुढे मागे पडली.

एकोणिसाव्या शतकात तूर येथील शार्ल-जाँ आव्हिसोने दीर्घ प्रयोगांती तशी पात्रे पुन्हा घडविली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात लेओं आर्नू या फ्रेंच रसायनज्ञाने मिंटन कारखान्यासाठी तयार केलेली रंगीत ‘माजोलिका’ गाजली. मग लॉरेन प्रांतातील सारगमीन येथील कारखान्यातून द्राक्षे, चेरी, नासपती यांच्या उठावदार आकृतींच्या बशा घरोघरी पोहोचल्या. साच्यातून निघालेली बशी एकदा भाजून तिच्यावर शिसेयुक्त झिलई देत. तांब्यामुळे हिरवा, कोबाल्टमुळे निळा, मँगनीजमुळे जांभळा रंग येई. खोलगट भागी झिलई साचून रंग गडद होई, उंचवट्यावर तो फिका राही. त्यामुळेच फळाला गोलाई येई. या तजेल्याचे मोल कामगारांना शिशाच्या विषाने चुकवावे लागे.

१८७१ साली सारगमीन जर्मनीच्या ताब्यात गेले. जकातीचा अडसर टाळण्यासाठी कारखान्याने फ्रान्सच्या हद्दीत दिग्वँ आणि व्हित्री-ल-फ्रांस्वा येथे शाखा काढल्या. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश फ्रान्सकडे परतला.

ज्या कलेचे प्रमाण पॅलिसीने स्वतःपाशीच ठेवले, ती तीन शतकांनी सामान्य गृहिणीच्या फडताळात विसावली. मात्र ती तेथवर आली एका माणसाच्या हट्टावर आणि अनेक अनामिक हातांच्या कष्टांवर. त्या हातांची नावे बशीवर कोरलेली नाहीत.